गादी उन्हात घालताना

शाळेच्या सहलीचा कागद घरी आला की बहुतेक घरांत गडबड उडते. पिशवी कोणती घ्यायची, डब्यात काय द्यायचे, खिडकीजवळ कोण बसणार. पण काही घरांत तो कागद दप्तरातून बाहेरच येत नाही. सहल मुक्कामाची असेल तर त्या मुलाचे आठवडाभर आधीपासून पोट दुखू लागते. ‘मला नाही जायचं, तिथे कंटाळा येतो,’ असे तो सांगतो आणि आईही फारसा आग्रह करत नाही. खरे कारण दोघांनाही ठाऊक असते; उच्चारत कोणीच नाही. मे महिन्यात मामाकडे राहायला न जाण्याची, मुंजीच्या आदल्या रात्री कार्यालयात न थांबता पहाटेच्या गाडीने पोचण्याची कारणेही पुष्कळदा हीच असतात. मुलगा आठ वर्षांचा आहे, तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणतो, सायकल दामटतो आणि रात्री अंथरूण ओले करतो.

आपल्याकडे मधुमेहावर, रक्तदाबावर, गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेवर माणसे आगगाडीत अनोळखी सहप्रवाशाशी तासभर बोलतात. या विषयावर मात्र सख्ख्या बहिणीही एकमेकींशी बोलत नाहीत. त्यामुळे प्रत्येक घराला वाटत राहते की जगात हे फक्त आपल्याच दारात आले. माझे अर्धे आयुष्य बँकेत आकड्यांच्या संगतीत गेले, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करतो. पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ मुले रात्री अंथरूण ओले करतात. सातव्या वर्षी हे प्रमाण ५ ते १० वर येते आणि मोठेपणी शंभरात एखाद्याच्या वाट्याला ते उरते. म्हणजे दुसरीच्या ५० मुलांच्या वर्गात असे तीन ते पाच सोबती हमखास बसलेले असतात. प्रत्येकाला वाटते, आपण एकटेच. मुलींपेक्षा मुलग्यांत याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. अशा १०० मुलांपैकी साधारण १५ मुलांचे हे दर वर्षी आपोआप थांबते, काहीही न करता. त्यामुळेच प्रत्येक उपायाला एक ना एक साक्षीदार सापडतो. कोणी ताईत बांधला आणि थांबले, कोणी नवस बोलले आणि थांबले, कोणी बेदम चोपले आणि थांबले. थांबायची वेळ आलेली असते, श्रेय शेवटच्या उपायाच्या खात्यावर जमा होते.

माझ्या माहितीतल्या एका घरात चौथीतल्या मुलाचे हे दुखणे होते. वडील शिस्तीचे. रोज सकाळी ते अंथरुणावरून हात फिरवून पाहत आणि त्या दिवशीचे घरातले हवामान त्यावर ठरे. एका रविवारी त्यांनी गादीची गुंडाळी मुलाच्या डोक्यावर दिली आणि तीन मजले चढून स्वतः गच्चीवर वाळत घालून ये म्हणून फर्मावले. उद्देश उघड होता. जिन्यात शेजारी भेटतील, विचारतील, लाज वाटेल, मग सुधारेल. मुलगा दारापर्यंत गेला. गणपतीसाठी गावाहून आलेल्या आजी कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी नातवाला थांबवले नाही, मुलाला हाक मारली.

‘अरे, ती गादी तूसुद्धा एका बाजूने धर. तुझाही हक्क आहे तिच्यावर. सहावी संपेपर्यंत तुझी वाकळ मी पहाटे विहिरीवर नेऊन धूत होते. तुझ्या अण्णांना कळू नये म्हणून.’

घरात कोणी बोलेना. सूनबाईंनी गॅस बंद केला. मग दारात उभ्या असलेल्या मुलाने गादी डोक्यावर तशीच ठेवून विचारले, ‘बाबा, मग तुमचं कधी थांबलं?’

हे मला त्या सूनबाईंनीच सांगितले. त्या म्हणाल्या, ‘काका, ह्यांना खरंच आठवत नव्हतं हो.’ मला ते पटते. माणूस अशा आठवणी फार खोल पुरतो, आणि स्वतःच्या मुलाच्या अंथरुणावर नेमकी तीच वर आली की त्याला राग येतो. वैद्यकशास्त्र मात्र आजींच्या बाजूने आहे. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शेकडा ४४ च्या आसपास असते. दोघांनाही असेल तर ७७. दोघांनाही नसेल तर १५. उंची, डोळ्यांचा रंग, टक्कल आपण वारशात मोजतो. हाही तसाच वारसा आहे.

मुळात होते काय? रात्री आपण सात-आठ तास झोपतो आणि लघवीला उठावे लागत नाही, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. मूत्रपिंडांना ते सांगते, आता पाणी जपून सोडा. काही मुलांमध्ये ही रात्रपाळी उशिरा सुरू होते. मूत्रपिंडे रात्रीही दिवसासारखीच काम करत राहतात. दुसरीकडे मूत्राशयाची पिशवी लहान असते किंवा पुरती भरण्याआधीच आकसते. मुलाचे मूत्राशय किती मिलिलिटर धरू शकेल याचा डॉक्टरांचा एक सोपा हिशेब आहे : वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचे. आठ वर्षांच्या मुलाचे २७० मिलिलिटर झाले, म्हणजे एका पेल्याहून थोडेसे अधिक. रात्री तयार होणारी लघवी याहून जास्त झाली तर जाग यायला हवी. इथे तिसरी गोष्ट आडवी येते. भरलेल्या मूत्राशयाची वर्दी मेंदूपर्यंत जाते, पण मेंदू तिची दखल घेत नाही. ‘ढोल वाजवा, हा उठायचा नाही,’ असे आई म्हणते ते अगदी खरे असते. यात आळस नाही, हट्ट नाही, मुद्दाम केलेले तर काहीच नाही. झोपेत कोणी मुद्दाम काही करू शकत नाही, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या घरांतही पटवून द्यावी लागते.

एक चौथे कारण आहे आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बद्धकोष्ठ. मलाशय आणि मूत्राशय शेजारी-शेजारी राहतात. एकाने पाय पसरले की दुसऱ्याला जागा उरत नाही. मैदा, बिस्किटे, नूडल्स यांवर वाढणारे आणि सकाळी सातच्या शाळेसाठी घाईघाईने बाहेर पडणारे मूल शौचाला नीट बसतच नाही. रात्रीच्या अंथरुणाचे मूळ सकाळच्या संडासात असू शकते, आणि कित्येकदा पोट नियमित साफ होऊ लागल्यावर रात्रीही सुधारतात.

शाळेतल्या स्वच्छतागृहांबद्दल तर बोलायलाच हवे. घाण, कडी नसलेली दारे, पाणी नाही. मुली तर सकाळी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत जातच नाहीत आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. दिवसभर कोरडे राहिलेले मूल संध्याकाळी खेळून आले की तांब्याभर पाणी पिते. मग नऊ-साडेनऊला जेवण, पातळ आमटी, वर ताक आणि झोपताना आईच्या समाधानासाठी पेलाभर दूध. दिवसाचा सगळा भरणा शाखा बंद व्हायच्या वेळी आला तर रात्री काय होणार? तेव्हा ‘संध्याकाळनंतर पाणी बंद’ असा घरचा कायदा करण्याआधी दिवसाचे पाणी वाढवायला हवे. दिवसाच्या पाण्यापैकी दोन हिस्से सकाळी, दोन दुपारी आणि एक संध्याकाळी असे ढोबळ प्रमाण डॉक्टर सांगतात. लघवीला दिवसात पाच-सहा वेळा तरी गेले पाहिजे. दूध संध्याकाळी लवकर द्यावे; ते रात्रीच प्यायचे असा काही धर्म नाही. चहा, कॉफी आणि कोला संध्याकाळी नकोत. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारू मात्र नये.

घरगुती उपायांची आपल्याकडे वाण नाही. काळे तीळ, ओवा आणि गूळ, दुधात भिजवलेली खारीक, हे आजीच्या बटव्यातले. खाऊ म्हणून उत्तम. त्यावर सगळी भिस्त ठेवू नये इतकेच. दुसरा सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे रात्री अकरा-बाराला मुलाला उचलून मोरीपाशी उभे करणे आणि ‘शूऽऽ’ असा आवाज काढणे. त्याने त्या रात्रीपुरती गादी वाचते, हे कबूल. प्रवासात, पाहुण्यांकडे जरूर करावे. पण अर्धवट झोपेत मूल लघवी करते तेव्हा ते झोपेतच लघवी करायला शिकते. जागे व्हायला शिकत नाही. उठवायचेच तर नाव विचारून, चार पावले स्वतः चालायला लावून, पुरते जागे करावे.

राहिला मार. जॉर्ज ऑर्वेल हे नाव आपल्याकडे ‘१९८४’ या कादंबरीमुळे ठाऊक आहे. १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला हा लेखक आठव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत दाखल झाला आणि तिथे अंथरूण ओले करू लागला. त्यापूर्वी त्याचा हा त्रास थांबून काही वर्षे झाली होती. रात्री तो देवाची कळवळून प्रार्थना करी, पण सकाळी व्हायचे ते झालेलेच असे. मुख्याध्यापकांनी त्याला घोड्याच्या छडीने मारले. बाहेर आल्यावर मित्रांसमोर ‘लागलं नाही’ अशी त्याने बढाई मारली, ती ऐकू गेली आणि पुन्हा आत बोलावून छडी मोडेपर्यंत मारले. त्याच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये हा आत्मकथनपर निबंध छापला गेला. त्यातली मला हादरवून गेलेली गोष्ट माराची नाही. आपण करू नये असे ठरवूनही, आपल्याला कळतही नसताना, आपल्या हातून पाप घडू शकते, अशी त्या मुलाची समजूत झाली, ती गोष्ट. ऑर्वेल प्रामाणिक होता. पुढच्या एका शिक्षेनंतर हे दुखणे थांबले, म्हणजे त्या रानटी उपायाचा उपयोग झालाही असेल, पण भारी किमतीला, असेही त्याने लिहून ठेवले आहे. मघाचा शंभरातल्या पंधरांचा हिशेब त्याच्यापुढे नव्हता. किंमत मात्र त्याने अचूक सांगितली. चाळिशी ओलांडल्यावरही तो ती फेडतच होता.

मग करावे काय? आधी पाणी, पोट आणि झोपण्यापूर्वी लघवीला जाणे, ही तीन कामे रोज. बक्षीस द्यायचे तर या कामांना द्यावे, कोरड्या रात्रीला नव्हे. कोरडी रात्र मुलाच्या हातात नसते. जे हातात नाही त्यावर चॉकलेट लावले की हरण्याचे दुःख दुप्पट होते. गादीवर मेणकापड किंवा रबरी चादर, त्यावर सुती चादर, उशाशी कोरडे कपडे आणि खोलीत मंद दिवा. सकाळी चादर बदलायला मुलाने मदत करावी, पण घरकाम म्हणून, शिक्षा म्हणून नव्हे. आणि धाकट्या भावंडांनी चिडवायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालावा. ‘मुतऱ्या’ हे नाव एकदा पडले की ते चाळीत, सोसायटीत, शाळेत मुलाच्या आधी पोचते.

एवढ्याने भागले नाही तर घंटा आहे. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या जर्मन भाषक बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयात एक विजेची घंटा बसवली. मुलाचे अंथरूण ओले झाले की परिचारिकेला कळावे, एवढाच हेतू. काही दिवसांनी दिसले की मुलांचे अंथरूण ओले होणेच कमी झाले आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मॉवरर पतिपत्नींनी त्यावरून शिस्तशीर पद्धत बसवली आणि आजही हा सर्वांत टिकाऊ उपाय समजला जातो. चड्डीला एक छोटा संवेदक लावतात. पहिला थेंब पडताच घंटा किंवा थरथर सुरू होते. हळूहळू मेंदू घंटेच्या आधी जागा व्हायला शिकतो. तीन मुलांपैकी साधारण दोघांना गुण येतो. पण दोन-तीन महिने चिकाटी लागते, आणि सुरुवातीला घंटेने सगळे घर उठते, फक्त मूल उठत नाही. आईने किंवा वडिलांनी उठून त्याला जागे करायचे असते. एका खोलीत सहा माणसे झोपणाऱ्या घरात हे अवघड आहे, हे सांगितलेच पाहिजे. उपकरणाबरोबरच्या पुस्तिकेत ते लिहिलेले नसते.

औषध आहे. डेस्मोप्रेसिन हे त्या रात्रपाळीच्या संप्रेरकाचे कृत्रिम रूप. सहलीला, शिबिराला, लग्नाला जाताना ते फार उपयोगी पडते. बंद केले की त्रास बहुधा परत येतो. हे औषध घेतलेल्या रात्री, घेण्याआधी एक तासापासून पुढे आठ तासांपर्यंत पाणी अगदी मोजके प्यावे लागते. नाहीतर रक्तातले सोडियम उतरून झटके येऊ शकतात. नाकात मारायच्या फवाऱ्याने असे प्रकार घडल्यामुळे २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या दुखण्यासाठी त्याचा वापर थांबवला. गोळ्या चालू आहेत. इमिप्रामाइन हे त्याहून जुने औषध, पण घरातल्या लहान मुलाच्या हाती त्याची बाटली पडली तर हृदयावर जिवावर बेतणारा परिणाम होतो. शेजारणीच्या मुलाला लागू पडले म्हणून दुकानातून आणण्याची ही औषधे नव्हेत.

आता जरा वेगळी गोष्ट. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर त्याचा अर्थ निराळा असू शकतो. बँकेत दर तीन वर्षांनी बदली होई आणि नव्या गावी क्वार्टर्समध्ये सामान लागेपर्यंत कोणा ना कोणाच्या गॅलरीत गादी दिसू लागे. नवी शाळा, नवी भाषा, मागे राहिलेले मित्र. घरात बाळ येणे, आजोबा जाणे, आईवडिलांची भांडणे, शाळेतला छळ, कोणीतरी अंगचटीला येणे, यांतले जे मूल तोंडाने बोलू शकत नाही ते कधीकधी असे बोलते. तेव्हा हळुवारपणे विचारावे. पण सगळेच मनावर ढकलू नये. ‘धाकटी झाल्यापासून रुसलाय,’ म्हणत घरातले हसत राहतात आणि मूल घटाघटा पाणी पीत असते, वारंवार लघवीला जात असते, वाळत चाललेले असते. अशा वेळी त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी. मुलांचा मधुमेह असा पावलांचा आवाज न करता येतो आणि आठवड्याभरात जिवावर उठतो. लघवीची जळजळ, ताप, दिवसाही कपडे ओले होणे, बारीक किंवा तुटक धार, मुलीच्या बाबतीत सतत थेंब-थेंब गळणे, पायांतला अशक्तपणा, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवावे. तोंड उघडे टाकून मोठ्याने घोरणाऱ्या मुलाचेही नाक-घसा तपासावे; घोरण्याचे कारण दूर झाल्यावर काहींचे अंथरूणही कोरडे होते.

घरात निदान आई असते. वसतिगृहातल्या मुलाचे काय? साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये, नवोदय विद्यालयांत मुले सहावीत जातात. आदिवासी भागातल्या आश्रमशाळांत तर पहिलीपासून राहतात. सहा वर्षांचे लेकरू पाड्यावरून येऊन पन्नास अनोळखी मुलांत झोपते. संडास इमारतीबाहेर, वाटेवर काळोख, आणि घरी ते आजीच्या कुशीत झोपत आलेले. पहिलीच्या ४० मुलांत चार-पाच जणांचे अंथरूण ओले होणार, हा नुसता सरासरीचा हिशेब आहे. त्यात कोणाचा दोष नाही आणि व्यवस्थेने तो आधीच गृहीत धरायला हवा. जास्तीच्या चादरी, रबरी कापड, रात्रभर जळणारा दिवा, सकाळी इतर मुले उठण्यापूर्वी कपडे बदलायची सोय. खर्च किरकोळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २०१० पासून शाळेत मारहाणीबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि ओली चादर गळ्यात घालून प्रार्थनेला उभे करणे हा छळच आहे. २०१२ मध्ये बंगालमधल्या एका नामवंत निवासी शाळेत अंथरूण ओले केले म्हणून पाचवीतल्या मुलीला स्वतःची लघवी चाटायला लावल्याचा आरोप झाला आणि वसतिगृहाच्या प्रमुख बाईंना अटक झाली. सवय मोडण्याचा तो उपाय होता, असा बचावही पुढे आला.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मास्तर सहलीला जाताना स्वतःच्या वळकटीत दोन जादा सतरंज्या आणि एक मोठा पितळी तांब्या घेत. पहाटे चारला ते मुलांमधून एक चक्कर मारीत. एखाद्याचे अंथरूण ओले दिसले तर त्याला उठवून कपडे बदलायला पाठवीत आणि मग तांब्या त्याच अंथरुणावर कलंडवून स्वतःवरच ओरडत, ‘अरे अरे, पाय लागला माझा!’ सगळी मुले उठून मास्तरांच्या वेंधळेपणाला हसत. बत्तीस वर्षे ते वेंधळे म्हणून प्रसिद्ध होते.

सगळीकडे असे मास्तर भेटणार नाहीत. म्हणून सहलीचा कागद दप्तरातून बाहेर आला तर आईने मुलाला विचारून, त्याला चालत असेल तरच, बरोबर जाणाऱ्या एका शिक्षकांना किंवा बाईंना गाठावे. एकालाच, वर्गाच्या गटावर निरोप टाकू नये. रात्री अकराला आणि पहाटे एकदा पुरते जागे करा, झोपायची जागा दाराजवळ द्या, एवढेच सांगायचे. पिशवीत गडद रंगाची जादा पॅन्ट, घडी घातलेले रबरी कापड आणि घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी घरी घेऊन पाहावी, म्हणजे गुण येतो की नाही ते कळते. आणि गोळीच्या रात्री पाणी किती प्यायचे, हे बरोबरच्या शिक्षकांना लिहून द्यावे.